तीन वाजेपर्यंत

निवडणुकीचा हंगाम आला की मराठी सुशिक्षितांच्या बोलण्याला एक ठरावीक चाल लागते. 'सगळे सारखेच' हे ध्रुवपद, 'आपल्या एका मताने काय होणार' हा अंतरा, आणि समेवर येताना सुटीच्या दिवशी कुठे जायचे याचा बेत. या गायकीला आपल्याकडे प्रतिष्ठा आहे. तिच्यामागे वाचन आहे, अनुभव आहे आणि मुख्य म्हणजे अभिरुची आहे, असे मानले जाते. मत देण्याचा उत्साह दाखवणारा माणूस आपल्या मैफलींत थोडा भाबडा ठरतो. निरुत्साही माणूस प्रगल्भ ठरतो. आमचे या लेखातले भांडण त्या प्रगल्भतेशी आहे. भांडण्यासाठी हाती घेतले आहे ते मात्र कोणतेही राज्यशास्त्र नव्हे, तर एक हलकाफुलका हिंदी चित्रपट. गंभीर वाचकांनी येथे नाक मुरडले तरी हरकत नाही. त्या मुरडण्याचाही समाचार पुढे घ्यायचाच आहे.

चित्रपट आहे अमित मसुरकर यांचा 'न्यूटन', २०१७ सालचा. बर्लिनच्या महोत्सवात तो गाजला, त्या वर्षी भारतातर्फे ऑस्करकडे गेला, राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्तम हिंदी चित्रपट ठरला. हे सगळे मान त्याला मिळाले म्हणून तो काही जडशीळ होत नाही. चित्रपटगृहात लोक त्याला खळखळून हसले होते आणि ते हसणे योग्यच होते. नूतन कुमार नावाचा एक सरकारी कारकून. स्वतःच्या नावाची त्याला लाज वाटते, म्हणून त्याने ते दुरुस्त करून 'न्यूटन' करून घेतले आहे. डोळे मिचकावण्याची सवय, कुरळे केस, आणि नियमांवर अशी श्रद्धा की घरच्यांनीही हात टेकावेत. निवडणुकीच्या कामासाठी तो राखीव यादीत असतो. छत्तीसगडच्या जंगलातल्या एका केंद्रावर जायला दुसरा कुणी कचरतो म्हणून याची वर्णी लागते. केंद्रावर मतदार आहेत ७६. सोबतीला लेखक होण्याची हौस असलेला एक निवृत्तीच्या जवळ आलेला लोकनाथ, गावाची माहिती असलेली स्थानिक शिक्षिका मलको, आणि संरक्षणासाठी केंद्रीय राखीव पोलीस दलाचा अधिकारी आत्मा सिंह. हा आत्मा सिंह वाईट माणूस नाही. तो थकलेला माणूस आहे. त्याला संध्याकाळपर्यंत सगळ्यांना जिवंत परत न्यायचे आहे आणि मतदान झाल्याचा कागद मिळाला की त्याचे काम भागते. न्यूटनला मात्र मतदान व्हायलाच हवे आहे. एवढ्या दोन इच्छांची टक्कर म्हणजे हा चित्रपट.

आता यात मत देण्याची उमेद वाढावी असे काय आहे? वरवर पाहता काहीच नाही. उलट मत देण्याच्या प्रत्येक प्रचलित कारणाला हा चित्रपट हसत हसत बाजूला सारतो. उमेदवार कोण हे गावकऱ्यांना ठाऊक नाही. या ७६ मतांनी निकाल बदलणार नाही. निकाल बदलला तरी गाव बदलणार नाही. यातून आम्हाला काय मिळणार, या गावकऱ्यांच्या साध्या प्रश्नापुढे न्यूटनची पाठ केलेली उत्तरे अडखळतात. शेवटी आत्मा सिंह पुढे होतो आणि हे यंत्र म्हणजे एक खेळणे आहे, वाटेल ते बटण दाबा, अशा थाटात सारा प्रश्न मिटवून टाकतो. परदेशी पत्रकार बाई येणार आहे, वरिष्ठ येणार आहेत. म्हणून माणसे घराघरांतून हाकून आणली जातात आणि रांग उभी राहते. छायाचित्रात ही रांग मोठी सुंदर दिसेल. निवडणुकांच्या वृत्तान्तांत अशी छायाचित्रे आपण सगळ्यांनी पाहिली आहेत आणि पाहून गहिवरलोही आहोत.

म्हणजे कारणे सगळी गेली. तरीही चित्रपट संपताना प्रेक्षकाला अगदी आतून वाटत असते की त्या चार माणसांना मत देता आले पाहिजे. चार माणसे कोण, हे ज्यांनी चित्रपट पाहिला आहे त्यांना आठवेल. पोलिसांनी बनावट हल्ल्याचा देखावा करून केंद्र गुंडाळले आहे, न्यूटनच्या ते ध्यानात आले आहे, आणि परतीच्या वाटेवर काही गावकरी समोर येतात: आम्हाला मत द्यायचे आहे. त्यांना कुणी हाकलेले नाही. समोर कॅमेरा नाही. मतदानाची वेळ तीनपर्यंत आहे आणि तीन वाजलेले नाहीत. आत्मा सिंह नाही म्हणतो. तेव्हा हा चष्म्याच्या दुकानातही भांडणार नाही असा दिसणारा कारकून बंदूक उचलतो, शिपायांवर रोखतो आणि मतदान करून घेतो. मते पडल्यावरही तो बंदूक खाली ठेवत नाही, कारण अजून तीन वाजायचे आहेत. तीन वाजतात, तो बंदूक परत देतो, आणि मग त्याला जे मिळायचे ते मिळते.

त्या दोन मिनिटांत चित्रपटगृहात हशा असतो आणि घशात काहीतरी दाटलेलेही असते. आमच्या मते मत देण्याविषयी भारतीय चित्रपटाने जे काही म्हटले आहे त्यातले सर्वांत गंभीर विधान त्या हशात आहे. ते असे की, मत हे एखादे मोठे काम साधण्याचे साधन आहे म्हणून ते महत्त्वाचे नव्हे. ते वेळेत, नीट, ज्याचे त्याला देता आले पाहिजे, कारण ते त्याचे आहे. एवढेच. यापुढचे सगळे फायद्या-तोट्याचे गणित आहे, आणि त्या गणितात मत नेहमीच हरते.

ते गणित मांडणाऱ्यांत मतदानाचे प्रचारकही आले. 'एका मताने फरक पडतो' हे त्यांचे लाडके सूत्र. त्यासाठी दाखलेही तयार असतात: २००८ साली राजस्थानात नाथद्वारा मतदारसंघात सी. पी. जोशी एका मताने हरले, त्याआधी २००४ साली कर्नाटकात संतेमारहळ्ळीत असाच निकाल लागला होता. दाखले खरे आहेत. पण देशात झालेल्या हजारो लढतींतून असे दोन वेचून काढावे लागतात, यातच त्या युक्तिवादाचा पराभव आहे. लॉटरीचे तिकीट विकणारा कालच्या विजेत्याचे छायाचित्र दुकानावर लावतो, तशातला हा प्रकार. विचार करणारा विद्यार्थी तो ऐकतो, मनात टक्केवारी काढतो आणि घरी बसतो. त्याला अडाणी म्हणण्यात अर्थ नाही. त्याने गणित बरोबरच केलेले असते. केविन कॉस्नरच्या 'स्विंग व्होट' या २००८ सालच्या अमेरिकी विनोदी चित्रपटाने तर सबंध राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक न्यू मेक्सिकोतल्या एका आळशी माणसाच्या एकाच मतावर आणून ठेवली. तो चित्रपट गमतीदार आहे, पण त्याची गंमत अशक्यतेची आहे. तुझ्या मताला सोन्याचा भाव आला तर तू जागा होशील, असे तो सांगतो. 'न्यूटन' उलट सांगतो: भाव शून्य आहे असे समज, आता सांग.

सरकारी जाहिराती या दोन्हींपेक्षा खाली. २०११ पासून २५ जानेवारीला राष्ट्रीय मतदार दिन साजरा होतो. शपथा होतात, प्रभातफेऱ्या निघतात, मतदानाच्या दिवशी शाईचे बोट दाखवा आणि डोशावर सवलत मिळवा असे फलक हॉटेलांवर लागतात. 'कर्तव्य' आणि 'उत्सव' हे दोन शब्द या साहित्यात इतके वापरले गेले आहेत की त्यांतला सगळा कस निघून गेला आहे. आम्ही स्वतः गेली कित्येक वर्षे विजेचे बिल भरावे त्या भावनेने मत देत आलो; शपथांनी ती भावना कधी बदलली नाही, आणि डोसा आम्हाला पूर्ण किमतीतही परवडतो. बदलली ती राजकुमार रावच्या त्या मिचकावणाऱ्या डोळ्यांनी.

येथे कुणी म्हणेल की तुमच्या घरात याहून मोठी परंपरा आहे, मग हिंदीच्या दारात कशाला गेलात? मराठीत 'सामना' आहे, 'सिंहासन' आहे. आहे, आणि आम्हाला तिचा अभिमानही आहे. पण त्या परंपरेने आपल्याला काय शिकवले, हे एकदा स्वच्छ बोलले पाहिजे. जब्बार पटेलांचा 'सिंहासन' १९७९ चा. अरुण साधूंच्या 'सिंहासन' आणि 'मुंबई दिनांक' या कादंबऱ्यांवरून तेंडुलकरांनी लिहिलेला. त्याचे सारे नाट्य निवडून आलेल्यांच्या आपापसांतल्या डावपेचांत घडते. निवडून देणारे त्या पटावर नाहीत. फार तर ते पटाखालचे टेबल आहेत. आणि हे सगळे पाहणारा जो आपला प्रतिनिधी, तो पत्रकार दिगू टिपणीस, निळू फुल्यांनी अमर केलेला, तो शेवटी वेडा होतो. किती पिढ्यांनी त्या वेड्या हसण्यात स्वतःला पाहिले! मराठी सुशिक्षिताला राजकारणाकडे पाहण्याची जी मुद्रा हवी होती ती त्या हसण्याने दिली: मला सगळे कळते, म्हणून मी काही करत नाही. कलाकृती थोर असू शकते आणि तिचा वारसा आपण वाईट रीतीने वापरलेला असू शकतो. 'सिंहासन' नक्कीच थोर आहे. पण मराठी विभागांत त्यावर जे निबंध लिहवून घेतले जातात त्यांत 'सत्तेचे नग्न दर्शन' असते, 'मूल्यांचा ऱ्हास' असतो. शाई लागलेले एखादे बोट कुठे दिसत नाही. ज्या नाट्याचा केवळ प्रेक्षक होता येते, त्यातून नागरिक कसा घडावा?

हलक्याफुलक्याविषयीची आपली तुच्छता याच मुळातून आलेली आहे. विनोद म्हणजे विसावा, उपहास म्हणजे विचार, आणि शोकांतिका म्हणजे कला, अशी उतरंड आपण अजून मनात बाळगतो. इतिहास मात्र या उतरंडीला साक्ष देत नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या सभा अत्र्यांनी हसवत हसवत पेटवल्या आणि १९५७ च्या निवडणुकीत समितीने पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला धूळ चारली. आणीबाणीनंतर १९७७ साली पु. ल. देशपांडे प्रचारसभांतून बोलले. मराठी माणसाला मत द्यायला घराबाहेर काढण्याचे काम ज्या लेखकांनी केले त्यांत विनोदी लेखक ठळक आहेत, ही गोष्ट आमच्या मते योगायोगाची नाही. उपहास ऐकणाऱ्याला वर उचलून ठेवतो. तेथून खालची सगळी माणसे सारखीच क्षुद्र दिसतात. विनोद ऐकणाऱ्याला त्याच माणसांत आणून बसवतो. न्यूटनला आपण हसतो तेव्हा त्याच्याहून वरचढ असत नाही. फार तर त्याच्याइतके हट्टी असतो तर बरे, असे वाटत असते.

या हट्टाविषयी चित्रपटाच्या आरंभीच एक बोचरा प्रसंग आहे. निवडणूक-प्रशिक्षण देणारा अधिकारी (संजय मिश्रा) न्यूटनला ऐकवतो की त्याची अडचण प्रामाणिकपणा ही नसून त्या प्रामाणिकपणाचा त्याला असलेला गर्व ही आहे. प्रामाणिक असणे हे काही उपकार नव्हेत, आपले काम करत राहिले की देश आपोआप पुढे जातो. हे वाक्य वरकरणी न्यूटनला उद्देशून असले तरी आमच्यासारख्यांना ते जास्त लागू पडते. मत देणारा मध्यमवर्गीय तरी काय करतो? बोटाचे छायाचित्र काढतो. आपण देशावर उपकार केल्याच्या थाटात दिवसभर ते बोट मिरवतो. हा गर्व आणि न देणाऱ्याचा तुच्छताभाव यांत आम्हाला फारसा फरक दिसत नाही. दोघांनाही मत ही स्वतःविषयी काहीतरी सांगण्याची संधी वाटते.

आता खरा आक्षेप. तो डावीकडून येतो, आमच्याच मित्रांकडून येतो, आणि वजनदार आहे. ते म्हणतात: 'न्यूटन'मधला मतदानाचा आग्रह हा राज्यसंस्थेचा आग्रह आहे. ज्या बस्तरमध्ये २००५ पासून सलवा जुडूमच्या नावाखाली गावे उठवली गेली, ज्या सलवा जुडूमला सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली घटनाबाह्य ठरवले, तेथल्या जळक्या भिंतींच्या सावलीत यंत्र मांडून बसणारा कारकून हा त्याच सत्तेचा सौम्य चेहरा होय. आदिवासींनी यंत्र मागितले नव्हते. आणि त्यांना मत देता यावे म्हणून शेवटी बंदूकच लागली, याहून मोठी कबुली कोणती?

या आक्षेपातली एकही घटना आम्ही नाकारत नाही. चित्रपटही नाकारत नाही. मलको तर न्यूटनला सुनावते की तुम्ही येथून काही तासांच्या अंतरावर राहता आणि तुम्हाला आमचे काहीच ठाऊक नसते. बंदुकीचे तर आम्हाला अजूनही नीट उत्तर सापडलेले नाही. कायद्याच्या रक्षणासाठी कायदा हातात घेणारा माणूस हास्यास्पद आहे, भयंकरही आहे, आणि दिग्दर्शकाने त्याला वीर करण्याचा मोह टाळला आहे. पण आक्षेप घेणारे एक भेद पुसून टाकतात, आणि चित्रपटाचा सारा डोलारा त्या भेदावर उभा आहे. 'न्यूटन'मध्ये मतदान दोनदा होते. पहिले मतदान पत्रकार बाईसाठी होते: हाकून आणलेली माणसे, लांबलचक रांग, खेळण्याची उपमा. ते राज्यसंस्थेला हवे असलेले मतदान आहे आणि त्यात मतदार सोडून सगळे समाधानी आहेत. दुसरे मतदान चार माणसांचे. ते कुणालाच नको आहे. पोलिसांना नको, वरिष्ठांना नको, माओवाद्यांना तर नकोच नको. ते फक्त त्या चौघांना हवे आहे, आणि एका कारकुनाला. पहिल्या मतदानाला फार्स म्हणणाऱ्यांशी आम्ही सहमत आहोत. पण पहिले खोटे म्हणून दुसरेही खोटे, हा तर्क आत्मा सिंहचा आहे. आमच्या क्रांतिकारक मित्रांनी तो कुठून उचलला हे त्यांनी एकदा तपासावे.

नियमाचा हट्ट नेहमीच दयाळू असतो असेही नाही. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी, १९५१-५२ साली, मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्यापुढे सतरा कोटींहून अधिक मतदारांच्या याद्या होत्या. त्यांत लाखो स्त्रियांनी स्वतःचे नाव सांगायला नकार दिला होता. अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढीच नोंद. सेन अडून बसले. स्वतःचे नाव नसेल तर यादीत नाव नाही. सुमारे २८ लाख स्त्रिया त्या वेळी वगळल्या गेल्या. हा निर्णय कठोर होता आणि त्या बायकांचा त्या खेपेचा हक्क त्यात बुडाला, हे सेन यांनाही कळत होते. पुढच्या निवडणुकीपर्यंत हा संकोच मावळेल अशी त्यांची अपेक्षा होती. न्यूटनचे पूर्वज शोधायचे तर ते येथे सापडतात, या यादी तपासणाऱ्यांत. (स्वतःचे नाव दुरुस्त करून घेणारा नायक याच कथेला का सुचावा, हाही विचार करण्याजोगा भाग आहे.) त्याच निवडणुकीच्या आधी मताधिकार म्हणजे काय हे समजावणारा माहितीपट देशातल्या तीन हजारांहून अधिक चित्रपटगृहांतून दाखवला गेला होता. म्हणजे भारतीय मतदार आणि पडदा यांची ओळख अगदी पहिल्या दिवसापासूनची. माहितीपटाने सांगितले ते पोचले की नाही, हे तपासायला साधन नाही. न वाचता येणाऱ्यांच्या त्या प्रचंड देशाने प्रत्येक उमेदवाराच्या चिन्हाच्या वेगळ्या पेटीत कागद टाकून दाखवला, हे मात्र नोंदलेले आहे.

बाबक पायामी यांचा 'सिक्रेट बॅलट' हा २००१ सालचा इराणी चित्रपट याच मळ्यातला. 'न्यूटन' आला तेव्हा उसनवारीचा वाद पेटला होता. त्यात आम्हाला रस नाही. एका बेटावर मते गोळा करायला आलेली तरुण अधिकारी स्त्री आणि तिला जीपमधून हिंडवणारा अडाणी शिपाई. वाळवंटाच्या मधोमध लाल दिवा लागलेला असतो, चहूकडे चिटपाखरू नसते, आणि नियमाची थट्टा करणारा तो शिपाई जीप थांबवून हिरव्या दिव्याची वाट पाहत बसतो, कारण सकाळपासून बाईंनी त्याला नियमच शिकवलेले असतात. दोन्ही चित्रपट पाठोपाठ पाहिले तर एक गोष्ट लख्ख दिसते. इराणी चित्रपटातला नियम कवितेसारखा आहे, हवेत तरंगणारा. आपल्याकडचा नियम कारकुनाच्या पिशवीत आहे, डब्याशेजारी.

आणि आता महाराष्ट्र. बस्तरच्या त्याच अरण्याला लागून आमचा गडचिरोली जिल्हा आहे. तेथेही अतिसंवेदनशील केंद्रांवर मतदान तीन वाजता संपत आलेले आहे. कर्मचाऱ्यांना हेलिकॉप्टरने उतरवावे लागले आहे. माओवादी चळवळ आता पुष्कळ आक्रसली आहे, २०२५ च्या मे महिन्यात तिचा सरचिटणीस बसवराजू मारला गेला. पण ज्या वर्षांविषयी आम्ही बोलतो आहोत त्या वर्षांत बहिष्काराची पत्रके झाडांवर लागत होती. अशा गडचिरोली-चिमूर मतदारसंघात २०१९ आणि २०२४ या दोन्ही लोकसभा निवडणुकांत मतदान सत्तर टक्क्यांच्या पुढे गेले. २०२४ मध्येच दक्षिण मुंबईत ते पन्नास टक्क्यांच्या आसपास रेंगाळले. मुंबईचे मतदान सोमवारी आले म्हणून लोक सलग सुटी साधून गावी गेले, उन्हाळा होता, यादीत नावे नव्हती, रांगा हलत नव्हत्या: कारणे सगळी ऐकली आहेत आणि त्यांतली काही खरी आहेत. यादीतून नाव गळणे हा तर निव्वळ अन्याय. पण बहिष्काराच्या पत्रकाखालून चालत जाणाऱ्याच्या तुलनेत ही कारणे मांडताना आवाज थोडा खाली आला असता तर बरे वाटले असते.

याहूनही आम्हाला जे टोचते ते वेगळे आहे. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, पुण्याचीही संपली, आणि दोन्हीकडे मतदान झाले १५ जानेवारी २०२६ रोजी. जवळजवळ चार वर्षे या दोन शहरांतल्या नागरिकाला नगरसेवक नव्हता, प्रशासक होता. प्रकरण न्यायालयात होते, प्रभागरचना बदलत होती, आरक्षणाचा प्रश्न होता. ते सर्व मान्य. पण या चार वर्षांत आमच्या साहित्यिक वर्तुळांतून, ज्यांना व्यवस्थेविषयी इतके सखोल बोलता येते त्यांच्यातून, आमचे मत कुठे गेले असा प्रश्न किती जणांनी विचारला? संमेलनांत ठराव होतात, अभिजात दर्जासाठी झाले, सीमाभागासाठी होतात आणि ते व्हावेतच. मत हरवले याची मात्र चुटपूट कुणाला लागल्याचे दिसले नाही. जी वस्तू कुलपात असताना आठवत नाही, ती हातात आल्यावर 'हिचा उपयोग काय' असे विचारण्याचा अधिकार आपल्याला उरतो का?

तीन वाजायला दोन मिनिटे कमी आहेत म्हणून अडून बसणारा माणूस अशा वेळी आम्हाला विनोदी वाटेनासा होतो. चार वर्षे आणि दोन मिनिटे.

हे सगळे आम्ही मुद्दाम शिक्षकांसमोर मांडतो आहोत, कारण या देशात मतदान घडवून आणणारे हात बव्हंशी त्यांचेच आहेत. आदेश येतो. रद्द करून घेण्यासाठी ओळखी धुंडाळल्या जातात, वैद्यकीय दाखले निघतात. ज्यांना ते जमत नाही ते साहित्यवाटपाच्या मंडपात उन्हात रांग लावतात, यंत्र, शाई, लाख, पाकिटे मोजून घेतात, परगावच्या शाळेच्या फरशीवर रात्र काढतात, पहाटे उठून अभिरूप मतदान घेतात, ते पुसतात, आणि सात वाजता दार उघडतात. दिवसभर नमुना १७-अ मध्ये सह्या, अंगठे. संध्याकाळी १७-क चा मेळ. मेळ बसेपर्यंत कुणी घरी जात नाही. आमच्यापैकी अनेकांनी हे केले आहे आणि केल्यानंतर आठवडाभर त्याविषयी तक्रार केली आहे. तक्रार रास्त असते. व्यवस्था ढिसाळ असते, भत्ता तुटपुंजा असतो. पण या कामाविषयी मराठीत चांगली कथा किती सापडतात? कचेऱ्यांवर लिहिले गेले, शाळांवर लिहिले गेले, साखर कारखान्यांवर तर ढिगाने. ज्या दिवशी गावातला शेठ आणि त्याचा गडी एकाच रांगेत उभे राहतात आणि तुम्ही दोघांच्या बोटाला सारखीच शाई लावता, त्या दिवशी दाराशी बसलेल्या मास्तरांना लेखक म्हणून काहीच दिसले नाही, हे आम्हाला खरे वाटत नाही. दिसले असणार. पण ते पुरेसे कडवट नव्हते, पुरेसे शोकात्म नव्हते, म्हणून ते वाङ्मय ठरले नाही. एका मराठी दिग्दर्शकाला ते दिसले आणि त्याने ते हिंदीत केले. मलकोची भूमिका करणारी अंजली पाटील नाशिकची. मराठीत हा चित्रपट का झाला नाही, या प्रश्नाचे उत्तर निर्मात्यांकडे शोधण्याआधी समीक्षकांकडे शोधावे.

आमची सूचना लहान आहे. ज्या वर्गात 'सिंहासन' दाखवला जातो तेथे त्याच सत्रात 'न्यूटन' दाखवावा. भाषेची अडचण काढू नये. मराठी विभागात तेंडुलकरांशेजारी इब्सेन चालतो तर हिंदीही चालेल. आधी 'सिंहासन' दाखवावा, दिगू टिपणीसच्या हसण्यापाशी दिवे लावू नयेत, आणि लगेच दुसरा लावावा. विद्यार्थ्यांना अठराव्या वर्षी मताचा हक्क आहे (१९८९ पर्यंत तो एकविसाव्या वर्षी मिळे), म्हणजे वर्गातली बहुतेक मुले मतदार असतील किंवा सहा महिन्यांत होतील. चर्चेत त्यांनी न्यूटनला मूर्ख म्हटले तर म्हणू द्यावे. आत्मा सिंहची बाजू घेणारा एखादा हुशार मुलगा उठेलच. त्याला पुरते बोलू द्यावे, कारण ती बाजू मजबूत आहे आणि आपण सगळे ती रोज जगतो. मग वेळ उरलीच तर प्रशिक्षणाचा प्रसंग पुन्हा एकदा लावावा. मागच्या बाकावर येऊन बसलेल्या सहकारी प्राध्यापकांपैकी ज्यांच्या खिशात निवडणूक-कामाचा आदेश असेल, ते मुलांच्या आधी हसतील.